‘मिळत नाही’ की ‘देत नाहीत’?

“याचा पार्ट मिळत नाही.”

हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? मिक्सरच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात, नाहीतर गीझर बघायला आलेल्या माणसाकडून. आपण ते ऐकतो, मान डोलावतो आणि नवीन वस्तू शोधायला फोन उघडतो. पाऊस पडत नाही, झोप येत नाही, तसा पार्ट मिळत नाही. व्याकरणही कंपनीच्या बाजूने उभं आहे. या वाक्याचा कर्ता पार्टच. बिचारा मिळत नाही. तो बनवायचं कोणी थांबवलं, गोदामाला कुलूप कोणी लावलं, दुसऱ्या कुणाला तो बनवू कोणी दिला नाही, यातलं कुणीच वाक्यात हजर नसतं.

दुकानदार खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला खरंच मिळत नसतो. पण ‘मिळत नाही’च्या मागे बहुतेक वेळा ‘देत नाहीत’ असतं, आणि ‘देत नाहीत’ला कर्ता असतो, पत्ता असतो, कायदा विभागही असतो. हे मला कळलं ते सव्वाशे वर्षं जुन्या एका घड्याळामुळे.

केसाएवढा आस

घड्याळ वॉल्थमचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात बनलेलं, साखळी लावून खिशात ठेवायचं. ऑनसाइटला असताना बॉस्टनजवळच्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं, कारण बंद होतं. चावी दिली की कमान भरायची, पण बॅलन्स चाक एका अंगाला कललेलं. पुण्यात लक्ष्मी रोडच्या एका बोळातल्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पाच सेकंदांत निदान केलं: “बॅलन्स स्टाफ गेलाय.”

बॅलन्स स्टाफ म्हणजे बॅलन्स चाकाचा आस. त्याची दोन्ही टोकं, म्हणजे पिव्हट, ज्युवेलच्या भोकात फिरतात. या टोकांची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास, म्हणजे जाडसर केसाएवढी. घड्याळाला धक्क्यापासून वाचवणारी स्प्रिंगची सोय सर्रास दिसू लागली ती १९३० च्या दशकानंतर. त्याआधीचं घड्याळ हातातून निसटलं की पहिला बळी याच टोकांचा. जुन्या खिशातल्या घड्याळाला सगळ्यात जास्त लागणारा सुटा भाग हाच.

“पण याचा पार्ट मिळत नाही बघा,” काका म्हणाले. “कंपनीच कधीची गेली. काचेच्या पेटीत ठेवा, छान दिसेल.”

कंपनी गेली होती हे खरंच. वॉल्थमने घड्याळं बनवणं १९५७ मध्ये थांबवलं. एल्जिन आणि हॅमिल्टन या तिच्या मोठ्या स्पर्धक कंपन्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतलं उत्पादन गुंडाळलं. तरीही माझ्या घड्याळाचा आस मिळाला. मेलेल्या कंपनीचा, आजोबांच्याही जन्माआधीच्या मशीनचा. तो कसा मिळाला, यातच माझा सगळा मुद्दा आहे.

नंबर वाचायला शिकणं

पहिली चूक मी केली ती केसच्या झाकणावरचा नंबर वाचण्याची. त्या काळात अमेरिकेत मशीन एका कंपनीचं आणि केस दुसऱ्या कंपनीची, असा सर्रास मामला होता. गिऱ्हाईक जवाहिऱ्याकडे जाऊन मशीन निवडायचं, केस निवडायचं आणि तिथेच दोघांचं लग्न लागायचं. केसवरचा नंबर केसवाल्याचा. आपल्याला हवा तो मशीनच्या प्लेटवर कोरलेला. माझा एक कोटीच्या थोडा पुढचा निघाला, म्हणजे साधारण १९०१ चा.

त्या नंबरावरून उत्पादनाच्या यादीत तीन गोष्टी कळतात: साइज, मॉडेल आणि ग्रेड. साइजची अमेरिकन पट्टी विचित्र आहे. शून्य साइज म्हणजे एक पूर्णांक पाच तिसांश इंच, आणि पुढे प्रत्येक साइजला इंचाचा एक तिसांश वाढतो. माझं मशीन १८ साइजचं, म्हणजे जवळपास ४५ मिलिमीटर व्यासाचं. मॉडेल म्हणजे मशीनची रचना. माझं १८८३ मॉडेल. ग्रेड म्हणजे त्या रचनेवर केलेलं काम: ज्युवेल किती, फिनिश कसं, ॲडजस्टमेंट किती. सुटा भाग शोधायचा तर आधी मॉडेल धरायचं. प्लेटवर झोकात कोरलेलं नाव फसवतं. ‘पी. एस. बार्टलेट’ हे नाव वॉल्थमने कित्येक दशकं, वेगवेगळ्या मॉडेलांवर आणि साइजांवर कोरलं. नावावर पार्ट मागवणं म्हणजे नुसतं ‘कुलकर्णी’ एवढंच लिहून पुण्यात पत्र टाकणं.

मॉडेल बरोबर धरूनही मी फसलोच. वॉल्थमने काही घड्याळांत आस चाकाला रिव्हेट करून बसवला, काहींत चाकाच्या हबमध्ये नुसता दाबून बसवला. मी मागवलेला पहिला आस दुसऱ्या जातीचा निघाला. दुसऱ्यांदा जात जुळली, पण पिव्हट ज्युवेलच्या भोकापेक्षा किंचित जाड. काका म्हणाले, “जाड चालेल. बारीक असता तर फेकून द्यावा लागला असता.” त्यांनी तो घासून मापात आणला, चाकाला बसवला, चाकाचा तोल साधला. घड्याळ चाललं. काकांनी ते कानाला लावलं आणि मला परत द्यायला जरा वेळ घेतला.

तो आस जुन्या मालाच्या एका अमेरिकन विक्रेत्याकडून आला. छोट्याशा पाकिटात, वर भाग क्रमांक टाइप केलेला. पार्ट स्वस्त, टपाल महाग.

अदलाबदलीची दंतकथा

आता इथे एक सोपा आणि चुकीचा निष्कर्ष काढायचा मोह होतो: ‘जुन्या काळी सगळे पार्ट एकमेकांना बसायचे, हल्ली काहीच बसत नाही.’ व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला हे बरं आहे. पण खरं नाही.

ॲरन डेनिसन या बॉस्टनच्या घड्याळजीने बंदुकांच्या सरकारी कारखान्यात यंत्रांवर बनणारे, एकमेकांच्या जागी बसणारे भाग बघितले आणि घड्याळाचंही असं करता येईल असं त्याच्या डोक्यात बसलं. १८५० मध्ये त्याने एडवर्ड हॉवर्डबरोबर बॉस्टनजवळ रॉक्सबरीत कारखाना काढला, १८५४ मध्ये तो वॉल्थमला हलवला, आणि १८५७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघून ती लिलावात गेली. एक अडचण उघड होती. बंदुकीच्या चापात चालून जातो तेवढा फरक पिव्हटमध्ये चालत नाही. त्या यंत्रांवर दोन पिव्हट हुबेहूब सारखे निघतीलच, अशी खात्री देता येत नव्हती.

मग वॉल्थमने काय केलं? वही ठेवली. सुरुवातीच्या काळात प्रत्येक घड्याळाच्या पिव्हटची आणि ज्युवेलची मापं त्या घड्याळाच्या नंबराखाली लिहून ठेवली जात. घड्याळ बिघडलं की नंबर कळवायचा. कारखाना वही उघडून त्या मापाचा भाग पाठवायचा. म्हणजे ज्या अदलाबदलीची एवढी जाहिरात झाली, ती अर्धी धातूत होती आणि अर्धी कागदावर. पुढेही सगळं सगळ्याला बसत नव्हतंच. प्लेट आणि बॅलन्सचा पूल जोडीनेच घडवलेले असत, म्हणून त्यांच्यावर तोच नंबर पुन्हा कोरलेला सापडतो. हॅमिल्टनचं ९९२ आणि १९४० मध्ये आलेलं ९९२बी यांच्या नावात एका अक्षराचा फरक. पण बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग वेगळी.

कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. दोन गोष्टी एकमेकींना लागू पडतात त्या कुठली आवृत्ती कशाशी जुळते हे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून, आणि लिहिलेलं इतरांना वाचता येतं म्हणून. वॉल्थमची महानता तिच्या लेथमध्ये जेवढी होती, तेवढीच तिच्या वहीत आणि भागांच्या छापील कॅटलॉगमध्ये होती. कंपनी गेली. कॅटलॉग राहिले. म्हणून पार्ट राहिले.

स्विसांनी हा धडा धक्का खाऊन घेतला. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात वॉल्थमची आपोआप स्क्रू बनवणारी यंत्रं बघून त्यांचे प्रतिनिधी हादरले. लाँजीनचे इंजिनिअर जाक दाविद यांनी अमेरिकन कारखाने पाहून मायदेशी इशारेवजा सविस्तर अहवाल दिला. पण स्वित्झर्लंडमध्ये शेकडो लहान कारखाने, एकच मशीन दहा नावांनी विकलं जाणारं. तिथे पार्ट शोधायचा कसा? १९३० च्या दशकात ए. एफ. जोबाँ यांनी स्विस मशीनचं आणि सुट्या भागांचं वर्गीकरण छापलं. अशा कॅटलॉगांत डायल काढल्यावर दिसणारी चावीची यंत्रणा बघतात: सेटिंगच्या स्प्रिंगचा आकार, लिव्हरची वळणं. मशीनचा व्यास मोजायचा आणि तो आकार चित्रांशी ताडून बघायचा, अंगठ्याचा ठसा जुळवावा तसा. मशीनवर नाव नसलं तरी ओळख पटते. कितीतरी कारखान्यांचे भाग एका पुस्तकात, कुठल्याही गावातल्या घड्याळजीच्या हातात.

हे सगळं कंपन्यांच्या चांगुलपणातून झालं का? मुळीच नाही. अदलाबदलीचे भाग आले ते मजुरी वाचवायला. आणि दुरुस्तीला बळ दिलं ते मोठ्या गिऱ्हाइकाने. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, माणसं मेली, आणि त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीचं काम आलं. पुढे रेल्वेच्या घड्याळाने आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त चुकायचं नाही असा दंडक झाला आणि गावोगावचे जवाहिरे ती घड्याळं ठरावीक काळाने तपासू लागले. ज्या घड्याळाचा पार्ट रेल्वेच्या गावात मिळत नाही, ते घड्याळ ड्रायव्हर कशाला घेईल? कंपन्यांना शहाणपण शिकवायला नियम लागला, आणि नियम यायला अपघात.

उलट बाजूही सांगायला हवी. याच यंत्रांच्या जोरावर इंगरसॉलने १८९६ मध्ये ‘यँकी’ नावाचं एक डॉलरचं घड्याळ काढलं. ते इतकं स्वस्त होतं की दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घेणं परवडायचं. वापरा आणि फेका याचा जन्मही त्याच घरातला. म्हणजे तंत्राने काहीच ठरवलेलं नव्हतं. ठरवलं ते माणसांनी.

तोच नंबर, उलटं काम

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या.

आजच्या कारखान्यात हजारो स्क्रीन इतक्या हुबेहूब निघतात की डेनिसनला रडू कोसळलं असतं. एका फोनचा स्क्रीन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला बसतो. स्क्रू तेच, केबल तीच. तरीही फोन चालू केला की कधी ‘अनोळखी भाग’ असा इशारा येतो, कधी एखादी सोय बंद पडते. कारण स्क्रीनच्या चिपमध्ये एक नंबर आहे, तो मदरबोर्डच्या नंबराशी जोडलेला आहे, आणि ती जोडी पुन्हा जुळवायची चावी कंपनीकडे आहे. याला ‘पार्ट्स पेअरिंग’ म्हणतात.

फरक नीट बघा. वॉल्थमच्या काळात भाग नीट जुळत नव्हते, म्हणून नंबर वापरून जुळणारा भाग शोधत. आज भाग उत्तम जुळतात, म्हणून नंबर वापरून जुळलेला भाग नाकारतात. नंबर तोच आहे. तेव्हा तो पत्ता होता, आता तो पहारेकरी आहे.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं: चोरी. भाग लॉक केले की चोरलेल्या फोनचे सुटे भाग विकता येत नाहीत. ठीक. मग चोरीची नोंद झालेल्या फोनचेच भाग अडवा. माझ्याच पडून फुटलेल्या जुन्या फोनचा चांगला कॅमेरा माझ्याच दुसऱ्या फोनला चालू नये, यात चोर नक्की कोण?

दुसरं: सुरक्षितता. निकृष्ट बॅटरी पेट घेते हे खरं आहे. मग इशारा द्या, मोठ्या अक्षरांत द्या. इशारा आणि अडवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अस्सल बॅटरी दुसऱ्या फोनमधून काढून बसवली तरी जो इशारा येतो, तो आगीबद्दल नसतो.

तिसरं: आजची उपकरणं फार गुंतागुंतीची, त्यांची जुन्या घड्याळाशी तुलना कशी? तर ही तुलना घड्याळांच्याच दुनियेत करू. २०१५ च्या अखेरीस स्वॉच ग्रुपने ब्रिटनमधल्या घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं थांबवलं. त्यावरून कोर्टकज्जे झाले. त्यातल्या यांत्रिक घड्याळांत चिप नाही, सॉफ्टवेअर नाही. चाकं, स्प्रिंगा आणि स्क्रू. शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळजीला डोळे झाकून कळतील असे. तिथे गुंतागुंत कुठे आडवी आली? म्हणजे माझ्या १९०१ च्या घड्याळाचा आस मिळतो, आणि चालू कंपनीच्या चालू घड्याळाचा भाग स्वतंत्र घड्याळजीला मिळेल की नाही हे कंपनी ठरवते. ‘मिळत नाही’ की ‘देत नाहीत’?

माझी सही

इथवर मी कंपन्यांना बोललो. ते सोपं आहे. आता अवघड भाग.

आधीच्या नोकरीत मी पाणी शुद्ध करणाऱ्या एका यंत्राच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. फिल्टरच्या काडतुसात एक चिप होती. चिपमधला नंबर यादीत नसेल तर यंत्राने थांबायचं, असं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांचं काम. मी ते केलं, टेस्ट लिहिल्या, रिव्ह्यूत कुणीतरी ‘छान, स्वच्छ कोड’ असं लिहिलं.

काही महिन्यांनी एक तक्रार माझ्यापर्यंत आली. तालुक्याच्या गावातलं गिऱ्हाईक. तिथे कंपनीचं काडतूस दोन आठवडे आलं नव्हतं. त्यांनी स्थानिक दुकानातून त्याच मापाचं घेतलं. नीट बसलं होतं, गळती नव्हती. पण यंत्र लाल दिवा लावून बसलं होतं. घरात लहान मूल आहे, असंही लिहिलं होतं. मी तपासलं. बग नव्हता. मी तक्रार ‘अपेक्षेप्रमाणे चालत आहे’ असा शेरा मारून बंद केली.

त्या घरी कुणीतरी म्हणालं असेल, “पार्ट मिळत नाही.” त्या वाक्याचा लपलेला कर्ता मी होतो.

आपण इंजिनिअर ‘बिझनेसने सांगितलं’ म्हणून हात झटकतो. पण हा ‘if’ आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी टाइप करतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा माझ्यासारखं पंचविशीतलं, पुण्यात किंवा बंगळुरात बसलेलं असतं. मी त्या दिवशी एक प्रश्न विचारू शकलो असतो: थांबवायचं कशाला, नुसता इशारा दिला तर? कदाचित ऐकलं गेलं नसतं. पण मी विचारलंच नाही, आणि त्याचं खापर मला कुणावर फोडता येत नाही.

मागायचं काय

जगात काही हलतंय. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून पार्ट्स पेअरिंगच्या अडवणुकीला बंदी घातली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती वाचून लाल दिवा विझत नाही.

घड्याळांनी शिकवलेल्या तीन गोष्टी कायद्यात मागायला हव्यात. एक, भागांचा कॅटलॉग उघडा असावा: कुठल्या मॉडेलला, कुठल्या आवृत्तीला कुठला भाग बसतो हे कुणालाही वाचता यावं. दोन, यंत्राने भाग अनोळखी आहे हे सांगावं, पण बसणाऱ्या भागाला नाकारू नये. तीन, कंपनीला एखाद्या वस्तूची साथ सोडायची असेल तर जाताना वही आणि चाव्या ठेवून जावं. वॉल्थम मेली तरी तिची घड्याळं तिच्याबरोबर सती गेली नाहीत. आपल्या उपकरणांना मात्र सर्व्हर बंद झाला की सती जावं लागतं, आणि त्याला आपण ‘अपग्रेड’ म्हणतो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर भाषा तरी दुरुस्त करू. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “पार्ट मिळत नाही,” तर एवढंच विचारा: “मिळत नाही, की देत नाहीत?” काउंटरमागच्या माणसावर चिडू नका. मी पाहिलंय, हा प्रश्न विचारला की तो बहुतेकदा हसतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, “देत नाहीत हो.”

आणि तुम्ही जर तो ‘if’ लिहायला बसला असाल, तर मी विचारला नाही तो प्रश्न तुम्ही विचारा.